खाकी पिशवीची चेन

शेवंतीने शेवटचं पातळ दाबून बसवलं, पिशवीच्या दोन्ही कडा जवळ आणल्या आणि चेन ओढायला हात घातला, तर बोटांत काहीच आलं नाही. चेनचे पितळी दात दोन्हीकडे आ वासून पडलेले आणि त्यांना जुळवणारा रनर नाहीसा. आदल्या संध्याकाळी तिने स्वतः दातांवर मेणबत्ती घासून चेन पुढेमागे केली होती. कशी सुळकन पळत होती! तिने खाटेखाली पाहिलं, सतरंजी झटकली, पिशवी उलटी करून सगळं सामान जमिनीवर ओतलं. रनर कुठेच नव्हता.

“दादानं काढला,” ती म्हणाली. कानशिलं नुसती तापली होती.

चुलीपुढे बसलेल्या तिच्या आईने, रखमाबाईने, भाकरी थापता थापताच विचारलं, “कशावरनं?”

“मग दुसरं कोण आहे घरात?”

डोंबिवलीला भातखाचरांच्या कडेने नव्या चाळी उठत होत्या, त्यातल्या एकीत ही तीन माणसं राहत: रखमाबाई, थोरला तानाजी आणि धाकटी शेवंती. मूळचे साताऱ्याकडचे. बाप जाऊन बरीच वर्षं झालेली. तानाजी आंबिवलीला कारखान्यात कामाला जायचा आणि रखमाबाई लोकांच्या गोधड्या शिवून द्यायची. शेवंती सातवीची फायनल परीक्षा पास झाली आणि तिने पुण्याच्या इस्पितळात नर्सिंग शिकायला नाव घातलं, तेव्हापासून घरात रोज वादावादी. “परक्या पुरुषांच्या जखमा धुणार तू? उद्या तुला करून घेईल कोण?” तानाजी गरजायचा. दर वेळी आई मध्ये पडायची. “शिकू दे रे पोरीला. तिचा बाप असता तर नाही म्हणाला नसता,” असं म्हणून पदर डोळ्याला लावायची. आईच्या त्या एका बोलण्याच्या बळावर शेवंती सगळी भांडणं भांडली होती. आज दुपारची पुण्याची गाडी तिला कल्याणला धरायची होती.

“मी म्हणते, ऐन निघताना असं अडावं,” रखमाबाई तव्यावर भाकरी टाकत म्हणाली, “म्हणजे देवाच्याच मनात नसंल. इस्पितळात कळवू. पुढच्या खेपेला जा.”

“देवाचं नाव कशाला घेतेस? हे तुझ्या लेकाचं काम.”

“मग दोरी बांध वरनं.”

“दोरी बांधून मी जाणार नाही. चेन लावूनच जाणार. त्याच्या डोळ्यांदेखत.”

ती उठली. खुंटीवर तानाजीचं चामड्याचं जॅकेट टांगलं होतं. महायुद्ध संपल्यावर कल्याणच्या छावणीतलं लष्करी सामान लिलावात निघालं, तेव्हा तानाजीने ही पिशवी आणि ते जॅकेट एकाच ढिगातून उचललं होतं. पिशवी त्याने कौतुकाने बहिणीला दिली. जॅकेटला मात्र कुणाला हात लावू देत नसे. थंडीच्या दिवसांत ते घालून, गळ्यापर्यंत चेन ओढून कारखान्यात निघाला, की चाळीतली माणसं वळून बघत.

शेवंतीने जॅकेट खाली ओढलं, मांडीवर घेतलं आणि फळीवरची पक्कड उचलली.

“शेवंते, त्याच्या जॅकेटला हात नको लावू!” रखमाबाईचा आवाज एकदम चढला. “ठेव म्हणते ना!”

शेवंतीने ऐकलं नाही. चेनच्या वरच्या टोकाला रनर निसटू नये म्हणून पितळेचा एक बारीक तुकडा आवळलेला असतो. तो तिने पकडीत धरून पिळला. निघेना, तेव्हा दातओठ खाऊन पिळला. तो तुटून उडाला आणि रनर अलगद हातात आला. तिला इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच भीती वाटली.

मग ती पिशवीकडे वळली. हे काम तिला नवं नव्हतं. या पिशवीचा खालचा अडसर केव्हाच गळून पडला होता. त्या जागी तिनेच दातांवरून जाड दोऱ्याचे टाके घालून गाठ मारली होती. ते टाके आता नव्हते. तिथूनच रनर बाहेर काढला होता हे उघड होतं. चेनच्या दोन्ही पट्ट्यांची टोकं तिने रनरच्या दोन तोंडांत घातली आणि ओढलं. रागात हिसका जास्तच बसला. एक बाजू पुढे गेली, दुसरी मागे राहिली, कापड चुरगळलं. तिने शिवी हासडली, रनर मागे घेतला आणि टोकं पुन्हा एका रेषेत धरली.

एवढ्यात तानाजी दाढी करून न्हाव्याकडून परतला. आधी बहिणीच्या मांडीवरचं जॅकेट त्याला दिसलं, मग तिच्या हातातला रनर.

“हे काय केलंस?”

“तू केलंस तेच. माझ्या चेनचा रनर काढलास ना? मी तुझा काढला.”

“मी? मी कशाला काढू?”

“मी जाऊ नये म्हणून! भ्याडा, पुढ्यात भांडून जमलं नाही म्हणून चोरी केलीस!”

तानाजीने जॅकेट तिच्या मांडीवरून हिसकून घेतलं. वरच्या टोकाचा तुकडा तुटून गेलेला पाहिला आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. मारायला हात उगारला, पण तो तसाच वर राहिला.

“अगं ए, मला अडवायचंच असतं, तर ती पिशवीच उचलून विहिरीत फेकली असती! समजलं? आणि तुझ्या देखत फेकली असती. मी रोज तुझ्या तोंडावर नाही म्हणतोय. अंधारात चेन उसवत बसायला मला काय धाड भरली आहे?”

उसवत. तो शब्द शेवंतीला टोचला. तिने पिशवीचं टोक वर धरलं. तानाजीने काढला असता तर पात्याने दोरा कापला असता, नाहीतर हिसका मारला असता. कापड फाटलं असतं, दोऱ्याची तुसं राहिली असती. इथे तसं काहीच नव्हतं. टाके एकेक करून सुईच्या टोकाने उसवले होते. दोरा वाया जाऊ नये म्हणून अख्खा काढून घेतला होता. या घरात दोरा असा काढणारं एकच माणूस होतं.

तिने मान वळवली. चुलीवर भाकरी करपत होती आणि रखमाबाई तिकडे बघत नव्हती.

“आई?”

रखमाबाईने पदराला हात पुसले. कमरेची पानसुपारीची चंची सोडली, दोन बोटं आत घातली आणि रनर काढून जमिनीवर ठेवला. “मीच काढला. घे.”

शेवंती ओरडली, आणि अशी ओरडली की शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं. “तूच म्हणालीस ना, जा म्हणून? शिकू दे पोरीला म्हणून? डोळे पुसत होतीस ना तू?”

“म्हणाले.”

“मग?”

“तो नाही म्हणत होता ना रोज,” रखमाबाई तानाजीकडे बोट दाखवत म्हणाली. “तो काय तुला सोडणार होता होय? मग मी कशाला वाईटपणा घेऊ? मला काय ठाऊक, तू त्याला भारी पडशील.”

तानाजी मटकन खाटेवर बसला. पुढच्याच क्षणी उठला. “आणि मला काय सांगत होतीस? रोज सकाळी डबा भरताना? ‘बहिणीला आवर रे, तुझ्याशिवाय ती कुणाचं ऐकायची नाही.’ हेच ना? मी तिच्यावर ओरडायचो, आणि तिच्यासमोर तू मलाच रागवायचीस! सगळ्या चाळीला मी वैरी दिसलो!”

“खरं सांगतोस, दादा?” शेवंतीने विचारलं.

“विचार तिलाच.”

रखमाबाईही आता भडकली. “होय, सांगत होते! काय चुकलं? ही गेली, तू दिवसभर कारखान्यात, उद्या तुझी बायको येणार. मी कुणाशी बोलू? गोधड्यांशी? नवरा गेला तेव्हा कुणी विचारलं नाही, आता तुम्ही दोघं मला विचारणार!”

“तू विचारायला दिलंस कुठं?” शेवंतीचा आवाज फाटला. “एकदा तरी म्हणालीस का, जाऊ नको? मी तुझ्यासाठी थांबले असते की नसते, ते माझं मी बघितलं असतं. तू मला दादाचा द्वेष करायला लावलास!”

ती पुन्हा जमिनीवर बसली. परका रनर बाजूला ठेवला आणि आपला उचलून पिशवीला घातला. या वेळी दोन्ही पट्ट्या पहिल्याच खेपेला सरळ बसल्या. रनर जरा सैल होता, तो तिने दोन्ही अंगांनी पकडीत हलकेच दाबला. खाली नव्या दोऱ्याचे टाके घातले. सामान कोंबून चेन ओढली, तेव्हा दात कुरकुरत मिटले. मग न बोलता तिने हात पुढे केला. तानाजीने जॅकेट दिलं.

त्याचा रनर तिने परत चढवला, पण वरचा तुकडा तुटून गेला होता. तिथेही तिला दोराच गुंडाळावा लागला. काळ्या चामड्याजवळ तो पांढरा दोरा लांबूनही नजरेत भरत होता.

“हे काही आधीसारखं नाही झालं,” ती म्हणाली.

“दिसतंय मला.” त्याचा राग उतरला नव्हता. “आणि ऐक, तू नर्स होणं मला अजूनही पटत नाही. मी सोडायला येणार नाही.”

“नको येऊस.”

“पोचल्यावर पत्र टाक.”

“टाकीन. तुझ्या नावाने टाकीन.”

हे कुणाला उद्देशून होतं ते रखमाबाईला कळलं. तिने करपलेली भाकरी बाजूला सारली आणि चांगल्या दोन भाकऱ्या, वर ठेचा, असं फडक्यात बांधून पुढे केलं. शेवंतीने ते घेतलं नाही. पिशवी काखेत मारली, चपला घातल्या. घरातून निघताना आईच्या पाया पडायचं असतं. ती उंबऱ्याजवळ थांबली, पण वाकली नाही.

मागून रखमाबाईचा आवाज आला. या खेपेला त्यात रडं नव्हतं, देव नव्हता, बाप नव्हता. “शेवंते, जाऊ नको.”

शेवंती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या पाण्याचाही तिला संताप येत होता.

“आज म्हणालीस. आधी म्हणाली असतीस, तर तुझ्याशी समोरासमोर भांडले असते.”

“आणि राहिली असतीस?”

“नाही.”

ती चाळीबाहेर पडली आणि खाचरांच्या बांधाने झपझप स्टेशनाकडे चालू लागली. वाटेत ओळखीची एक बाई भेटली, “निघालीस का गं?” म्हणाली, तिलाही तिने उत्तर दिलं नाही. कल्याणच्या फलाटावर बाकावर टेकली तेव्हा भूक लागल्याचं तिच्या ध्यानात आलं. एका विक्रेत्याकडून तिने शेंगदाण्याची पुडी घेतली आणि गाडी येईपर्यंत एकेक दाणा कडाकडा चावत राहिली.