धुळीच्या काठावरचा तारा

आमच्या ह्यांनी, तोकुजी हामानाकांनी, लग्न माझ्याशी केलं आणि संसार एका दीर्घिकेशी. ती आहे भोवऱ्यासारखी, पण आपल्याला दिसते कडेनं. थाळी डोळ्यांच्या रेषेत धरावी तशी नुसती रेघ, आणि मधोमध धुळीचा काळा पट्टा. तिच्यातला एखादा तारा फुटताना सगळ्यांत आधी आपल्याला दिसावा आणि शोधणारा म्हणून आपलं नाव लागावं, एवढीच त्यांची आस. कोचीच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळातले हसायचे. त्या धुळीत तुम्हाला काय दिसणार, म्हणायचे.

यंदा मार्चमध्ये दिसला. पट्ट्याच्या अगदी काठावर, जुन्या फोटोंत नसलेला ठिपका.

"आत्ताच्या आत्ता वेधशाळेला कळवा," मी म्हटलं.

"सेन्सेईंना दाखवल्याशिवाय? काहीतरीच काय, किनुए."

मंडळाची रीतच तशी. गुरुस्थानी असलेल्या कुराहाशी सेन्सेईंनी मान डोलावल्याशिवाय कुणी काही कळवायचं नाही. चुकलं तर साऱ्यांची नाचक्की. म्हातारबुवांना अवेळी उठवणं बरं दिसत नाही म्हणून हे उजाडेपर्यंत थांबले, मग संत्र्यांची पेटी घेऊन गेले. सेन्सेईंनी चहा पाजला, फोटो पाहिला आणि पुन्हा एकदा बघून खात्री करा म्हणाले. संध्याकाळी ढग आले. ते हटायच्या आत मंडळातल्याच इसेकीचं नाव जाहीर झालं. त्यालाही तोच ठिपका दिसला होता, आणि त्यानं कुणालाच विचारलं नव्हतं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. आमच्याकडे शिष्टाचार नेतो.

सेन्सेई इसेकीला झापतील, ही माझी भाबडी आशा. त्यांनी मेजवानी दिली.

"माणूस असा तडफदार हवा," ते म्हणाले. "खात्री करत बसलं की संपलंच. हामानाका, त्या दीर्घिकेला तुमच्याइतकं कोण ओळखतं? तुम्हीच चार शब्द बोला."

हे उठले. इसेकीचं तोंडभरून कौतुक केलं आणि कमरेत वाकले. मी तेव्हा सेन्सेईंना साकेची दारू वाढत होते. टकलावर ओतावीशी वाटली. ओतली पेल्यातच.

त्यानंतर हे रोज दुर्बिणीला डोळा लावून बसू लागले. मेअखेरीस एकदा आपणहून मला अंगणात बोलावलं. आवाजात कधी नव्हे तो आनंद होता.

"ये, बघ. विझत चाललाय."

मी वाकून पाहिलं. रेघ तेवढी दिसली, ठिपका काही दिसला नाही.

"तारा विझला की नाव पुसतात का हो?" मी विचारलं.

त्यांनी मला बाजूला केलं आणि दुर्बिणीला झाकण लावलं.