जरा टेकतो म्हणणारा शब्द

मित्रांनो, धाकटीचे दुकान गेले. पण तसे काही झालेच नाही असे तिच्या घरात ठरले आहे. तेव्हा मीही काही बोललो नाही.

मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. इन्सिडियस. उच्चार जमला नाही तरी चालेल, तुमच्याकडून माझी फारशी अपेक्षा नाही. माझे मूळ लॅटिन. तिथे आमच्या घराण्याचा अर्थ होता आत बसणे, दबा धरून बसणे. शत्रू जवळ येईपर्यंत झुडपात गप्प बसायचे, हा आमचा पिढीजात धंदा. पुढे मी इंग्रजीत आलो आणि डॉक्टरांच्या हाताखाली लागलो. जो आजार गाजावाजा न करता शिरतो आणि कळतो तेव्हा उशीर झालेला असतो, त्याला ते मला चिकटवत. लोक मला टरकून असत. चांगले दिवस होते.

मग मी एका मावशीच्या तोंडी राहायला आलो. ती शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. तिची भाची, म्हणजे धाकटी, वडिलांमागे चष्म्याचे दुकान एकटी चालवायची. एके दिवशी थोरलीचा नवरा तिथे आला.

"जरा टेकतो गं," म्हणत दाजी तिच्या खुर्चीत बसले.

दुकानात खुर्ची एकच होती. धाकटी उभी राहिली. मग दाजी रोज येऊ लागले. "तू दमतेस, गिऱ्हाईक मी बघतो." "किल्ल्या हरवशील बाई, माझ्याकडे असू देत." डोळे तपासायचा तक्ता त्यांनी खुर्चीतून नीट दिसेल असा फिरवून घेतला. गिऱ्हाइकांना तो दिसेना, पण दाजींची नजर उत्तम असल्याचे रोज सिद्ध होऊ लागले.

मावशीला सगळे कळत होते. मराठीत माझा एक चुलतभाऊ आहे, केसाने गळा कापणारा. अडाणी आहे, पण त्याचे नाव काढले की ऐकणाऱ्याचा हात आपोआप गळ्याकडे जातो. मावशीने त्याला बोलावले नाही. या घरात जावयाला दुखवत नाहीत. अपमान करायचाच तर इंग्रजीत करतात, म्हणजे तो लागत नाही.

रविवारी सगळे जेवायला बसले, तेव्हा ती म्हणाली, "जावईबापू, तुम्ही फार इन्सिडियस आहात हं."

दाजी लाजले. "कसचं काय मावशी. घरचंच काम आहे."

"मावशी कधी कुणाला चांगलं म्हणत नाही," थोरली धाकटीला म्हणाली. "शीक जरा."

धाकटी मावशीकडेच बघत होती. "म्हणजे काय गं, मावशी?"

मावशीने तिला भाजी वाढली. "जेव तू."

पुढच्याच आठवड्यात दुकानावर नवी पाटी चढली: इन्सिडियस चष्मेवाले. मालक म्हणून खाली दाजी. धाकटी आता दुसऱ्याच्या दुकानात काचा पुसते. तिथेही उभीच असते. मी उन्हात विटतो आहे. कबुतरे माझ्यावर येऊन बसतात. बसण्याच्या बाबतीत मला कबुतरांनी शिकवावे, हेही पाहिले.

मित्रांनो, शब्दांची काळजी घ्या, असे तुम्हाला शाळेत सांगतात. नका घेऊ. आम्ही धडधाकट आहोत. शेजारी जी उभी आहे तिची घ्या, आणि तिला समजेल अशा भाषेत घ्या.

सबब विनंती की, सदर मावशीने तो रविवार पुन्हा घ्यावा, सर्वांना त्याच जागी जेवायला बसवावे आणि तेच वाक्य मराठीत बोलावे, असे आदेश संबंधितांनी त्वरित द्यावेत. माझी हरकत नाही.