झरोक्यातली गादी

माझ्या घरात एकाही दाराला आतून कडी नाही. बाथरूमलासुद्धा नाही. पाहुणे अवघडतात, आत गेल्यावर उगाच खाकरत बसतात. मुलगी वयात आली तेव्हा मी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सगळ्या कड्या काढून टाकल्या. त्या वर्षी तिनं बापाचं शेवटचं गाणं पहिल्यांदा नीट ऐकलं आणि दोन दिवस ती खोलीतून बाहेर आली नाही.

तिच्या बापाला तुम्ही ओळखता. निदान तुम्हाला तसं वाटतं. काळा कोट, कपाळावर केस, गळ्यात गिटार. त्याचं चित्र छापलेले टी-शर्ट घालून पोरं अजून माझ्या दारात येतात आणि तो कसा होता ते मलाच सांगतात. वादळ म्हणतात त्याला. हे वादळ दात काढायचा म्हटलं की माझा हात धरून बसायचं. स्टेजवर संतापून त्यानं गिटार फोडली, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. अहो, वायरीत पाय अडकून तो गिटारीवर पडला होता! घरी येऊन अर्धा तास त्या लाकडाचे तुकडे जुळवत बसला होता. पण हे सांगितलं की लोकांचे चेहरे उतरतात. खरं नकोच असतं कुणाला. पराचा कावळा झाला की तो उडतो, नुसतं पीस कुठं जाणार?

आणि मग ते शेवटचं गाणं. ‘वाट पाहू नका, मी पोचलोय.’ शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फाटतो, श्वास अडतो आणि गाणं तुटल्यासारखं संपतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच तळघरात मेलेला सापडला, जिथं ते गाणं रेकॉर्ड झालं होतं. गॅसचा हीटर चालू होता. दार ओढलेलं होतं आणि हवेसाठी असलेल्या एकुलत्या एक झरोक्यात आतून जुनी गादी गच्च कोंबलेली होती. पोलिसांनी गादीकडे बघितलं आणि मान हलवली. स्वतःच बंद केलाय, म्हणाले. सरळ होतं सगळं. त्यात असं गाणं म्हणजे निरोपच की. एका प्राध्यापकानं त्या फाटलेल्या आवाजावर अख्खं पुस्तक लिहिलं. गाण्याच्या मागे जो बारीक सूं सूं आवाज येतो, त्याला त्याचे भक्त ‘पलीकडचा वारा’ म्हणतात.

‘पोचलोय, वाट पाहू नका,’ हे तो दौऱ्यावर हॉटेलात पोचला की घरी फोन करून आम्हाला म्हणायचा. मी जेवायची थांबू नये म्हणून. हे मी किती मुलाखतींत सांगितलं. एकानंही छापलं नाही.

मला बायको म्हणून काय काय ऐकावं लागलं ते सोडा. माझी कातडी जाड झाली. पण मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. मोठी झाल्यावर एकदा भांडणात ती म्हणाली, ‘आई, तो मला बघून गेला. मला बघितलं, आणि तरी गेला.’ तेव्हापासून थंडी पडली की ती मिटत जाते. जेवण कमी, बोलणं कमी. गोळ्या चालू आहेत. ती तिशी ओलांडलेली बाई आहे, नोकरी करते, माणसं हाताखाली आहेत. आणि तिची आई रात्री उठून तिच्या दाराशी कान लावते. बापावर गेली, असं कुणी कौतुकानं म्हटलं की मी विषय बदलते.

या सगळ्यात आम्हाला आधार होता तो ढब्बूचा. ढब्बू त्याचा ड्रमर, शाळेपासूनचा मित्र. मी त्यांना भावजी म्हणते. मुलीला सायकल त्यांनी शिकवली, तिच्या कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत ते उभे राहिले. शेवटचं गाणं त्यांनीच रेकॉर्ड केलं होतं आणि नंतर गाण्याच्या कंपनीला तयार करून दिलंही त्यांनीच. त्या दिवशी तळघरात दोघंच होते. लोकांनी विचारलं की भावजी खाली बघून म्हणायचे, ‘त्याचं ठरलेलंच होतं. डोळ्यांत दिसत होतं.’ मला वाटायचं, मला कसं दिसलं नाही? एवढी कशी मी आंधळी?

यंदा कंपनीनं त्या गाण्याची रेकॉर्ड नव्यानं काढायचं ठरवलं. त्यासाठी गोदामातून मूळ टेपा निघाल्या. मूळ टेपेवर प्रत्येक वाद्य वेगळं असतं आणि गळा वेगळा. नंतर ते एकत्र करून गाणं होतं. तिथली तरुण साउंड इंजिनिअर फोनवर म्हणाली, ‘काकू, नुसता त्यांचा आवाज ऐकायला याल का?’ मी नाही म्हणणार होते. माझी मुलगी म्हणाली, ‘मी जाणार.’ मग मी तिला एकटी कशी सोडणार?

भावजी स्टुडिओत आमच्या आधीच येऊन बसले होते. जाडजूड भिंतींची बिनखिडकीची खोली, एक मळका सोफा. इंजिनिअरनं एकेक वाद्य बंद केलं आणि तो त्या खोलीत आला.

दुसरं कसं सांगू? रेकॉर्डवरचा आवाज मी हजारदा ऐकला होता, तो जगाचा होता. हा माझा होता. ओठ ओले करण्याचा आवाज, स्टूल करकरलं तो आवाज. माझ्या मानेवर त्याचा श्वास लागला, शपथेवर सांगते. आणि मागे सतत ते सूं सूं. नुसत्या गळ्यावर ते किती मोठं होतं!

‘हा हीटर आहे, माइकच्या अगदी जवळ ठेवलेला,’ इंजिनिअर सहज म्हणाली. पलीकडचा वारा म्हणे.

शेवटची ओळ आली. आवाज फाटला, श्वास अडला. रेकॉर्डवर इथं सगळं संपतं. इंजिनिअरनं बंद करायला हात नेला, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, ‘चालू राहू दे.’

टेप पुढे गेली. तो खोकला. मग म्हणाला, ‘छ्या! घशाचं पार भजं झालंय. डोकंही ठणकतंय मघापासून. पूस हे, ढब्बू. उद्या सकाळी नव्यानं गाऊ.’

मुलीनं माझं मनगट धरलं.

‘सकाळी पिल्लूला घेऊन येतो,’ तो म्हणाला. ‘तिला माइकसमोर बसवू. माझ्यापेक्षा सुरात रडते पोरगी.’ आणि हसला. हसताना पुन्हा खोकला.

मग लांबून भावजींचा तरुण आवाज आला. ‘तू पड जरा सोफ्यावर. ती गादी काढतो मी जाताना. आज ट्रकांचा आवाज नाही आला बघ आत.’

‘बरं,’ तो म्हणाला. खट् करून टेप थांबली.

मी भावजींकडे पाहिलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

‘रस्त्याचे आवाज येऊ नयेत म्हणून गाताना आम्ही झरोका बंद करायचो,’ ते म्हणाले. ‘त्याच आठवड्यात सुचलं होतं. झालं की मीच काढायचो, रोज. त्या दिवशी बस पकडायची होती, वहिनी. विसरलो.’

‘आणि पोलिसांना?’ मी विचारलं.

‘घाबरलो. काही बोललोच नाही. मग तेच म्हणाले त्यानं स्वतः केलं असेल. मी हो म्हटलं. एकदा हो म्हटल्यावर...’

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. माझ्या लेकराचं आयुष्य पोखरलंत, असं म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण त्या मुठीत माझी पोर चिरडत होती, असं म्हणाले. सायकल शिकवलीत म्हणे! ते मान खाली घालून ऐकत राहिले.

मुलगी ओरडली नाही. तिनं विचारलं, ‘काका, टेप जाळली का नाहीत?’

‘पुसायला घेतली होती,’ भावजी म्हणाले. ‘त्यानं सांगितलंच होतं ना, पूस म्हणून. पण त्याचा आवाज होता गं तो. माझ्यानं झालं नाही.’

मला तेव्हा एकदम कळलं. तो फाटलेला आवाज, ज्यावर लोक रडतात, पुस्तकं लिहितात, तो गुदमरणाऱ्या माणसाचा आवाज होता. हीटरचा गॅस आधीच त्याच्या छातीत भरत होता. इतकी वर्षं सगळं जग एका माणसाला गुदमरताना ऐकत होतं आणि वा म्हणत होतं. मीही.

इंजिनिअरचे डोळे भरले होते. तिनं हळूच विचारलं, नव्या रेकॉर्डवर हे घ्यायचं का? भावजी माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘घ्या. माझा आवाज कापू नका.’ मुलगी म्हणाली, विचार करून सांगते. मग म्हणाली, ‘ते पिल्लूचं तेवढं पुन्हा लावा.’ इंजिनिअरनं लावलं. पुन्हा लावलं. मुलगी हसत होती आणि नाक पुसत होती.

भावजींना मी माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. पण खाली उतरताना जिना अरुंद होता आणि त्यांचे गुडघे गेलेत, म्हणून मी त्यांचं कोपर धरलं. सवयीचा हात, दुसरं काय.

घरी जाताना मुलीनं हार्डवेअरच्या दुकानापाशी थांबायला लावलं. साधी पितळी कडी घेतली. स्क्रू-ड्रायव्हर मीच काढून दिला. बाथरूमच्या दाराला जुनी भोकं होतीच, रंगाखाली बुजलेली. तिनं कडी बसवली, दोनदा लावून पाहिली, टॉवेल घेतला आणि आत गेली.

आतून कडी लागल्याचा आवाज झाला.

मी तिथंच, दाराबाहेर जमिनीवर बसले. नळ सुरू झाला. मग रडण्याचा आवाज आला, मोठ्यानं, लहान मूल रडतं तसा. खूप वेळ येत राहिला. मी हात उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. दार वाजवलं नाही.

खरंच सुरात रडते हो पोरगी.