शेवटच्या टोकाचं पाणी

रहमतुल्ला मिस्त्रींनी सिंदफणेच्या दोन्ही काठांना चाळीस वर्षं पाइपलाइनी टाकल्या. माजलगाव ते तेलगाव या पट्ट्यात उसाची लाईन फुटली की माणसं आधी त्यांनाच फोन लावायची. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण रानाला चढ किती आणि उतार किती हे ते नुसतं चालून सांगायचे.

त्यांची मुलगी हुस्ना वेगळ्याच कामाच्या मागं लागली. नागपूरला राहून तिनं अग्निसुरक्षेचा कोर्स केला, मग संभाजीनगरच्या एका कंपनीतून चार वर्षं कारखान्यांमध्ये आग लागली की छतातून पाणी सोडणारे स्प्रिंकलर बसवले, आणि गेल्या वर्षी स्वतःच्या नावावर सरकारी परवाना काढून माजलगावला परतली. एखाद्या मिलची आग विझवायची यंत्रणा नीट चालते, असा दाखला आता तिच्या सहीनं निघू शकत होता. रहमतुल्लांनी परवान्याला फ्रेम केली आणि आपल्या पाइपच्या दुकानात टांगली. पाइप घ्यायला आलेल्या माणसाला ते आधी तो कागद दाखवायचे, पाइप नंतर.

दिवाळीच्या आधी विजयसिंह मालकांचा फोन आला. तेलगाव रस्त्यावर त्यांची कापसाची जिनिंग मिल. हंगाम तोंडावर, आणि अग्निशमन खात्याचं पत्र आलेलं: स्प्रिंकलर चालू असल्याचा परवानाधारकाचा दाखला जोडा, त्याशिवाय ना-हरकत मिळणार नाही.

"मिस्त्री, आठ वर्षांमागं लाईन तुमीच टाकली," मालक म्हणाले. "आता सहीबी तुमच्याच घरात हाय. मग काळजी कावून करू?"

"उद्याच घेऊन येतो तिला," रहमतुल्ला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं मिलमध्ये पोचले. हुस्ना कापसाच्या गाठींच्या गोदामात शिरली आणि कोपऱ्यात थबकली. तिथं मालकांच्या भावाच्या दुकानातला माल रचलेला होता. कीटकनाशकांचे खोके, गंधकाच्या गोण्या, आणि त्यांना खेटून जनरेटरच्या डिझेलचे दोन बॅरल.

"हे आधी हलवा, मालक."

"आठ दिवसांत जाईल गं पोरी. गावाकडं कुठं एवढं बघतेत?"

"हे पेटलं तर याचा धूरच माणसाला मारतो. विझवायला येणाऱ्यालाही. कापसाशेजारी हे ठेवायला परवानगी नाही. औषधांना वेगळी पक्की खोली पाहिजे, हवा खेळती, दारावर पाटी. डिझेल त्याच्यापासूनही लांब."

रहमतुल्ला दारात उभे राहून ऐकत होते. आपली पोर मालकांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलते, हे बघून त्यांचा ऊर भरून आला. मालकांनी कुरकुर केली, पण हमालांना हाक मारली.

मग पंप सुरू झाला. दाराजवळचा व्हॉल्व्ह उघडल्यावर पाणी असं उसळलं की हमाल मागं सरले. "बघा मिस्त्रीचं काम!" मालक म्हणाले. बॅगेतलं दाब मोजायचं गेज घेऊन हुस्ना शेडच्या पार शेवटच्या टोकाला गेली. तिथं कापूस निवडणाऱ्या बायका बसायच्या. तिनं तिथला व्हॉल्व्ह उघडला. उन्हाळ्यात गावच्या नळाला येतं तेवढं पाणी आलं. गेजचा काटा जेमतेम हलला.

तिनं टेपनं पाइप मोजला आणि वडिलांकडं वळली.

"अब्बा, इथं अडीच इंची टाकलाय."

"तवा मोठा पाइप मिळाला न्हाई. उसाला अडीच इंची भरपूर होतंय."

"ऊस उद्यापर्यंत थांबतो. आग थांबत न्हाई."

मालक हसले. "अगं, बापाचंच काम नापास करती का?"

"हो," हुस्ना म्हणाली. "या लाईनवर मी सही करणार नाही."

दोघं मोटारसायकलवरून परतले. घरी जेवणाच्या ताटावर रहिमाबी, त्यांची बायको, दोघांच्या तोंडाकडं बघत राहिली. शेवटी रहमतुल्लाच म्हणाले, "हमालांपुढं सांगायची काय गरज होती? मला बाजूला घ्यायचंस."

"बाजूला घेतलं असतं तर तुम्ही मला समजावलं असतं, अब्बा. आणि तुमचं मी ऐकलं असतं."

सकाळी कुणाला न सांगता त्यांनी तिच्या बॅगेतलं गेज काढलं आणि एकटेच मिलवर गेले. पंप लावायला सांगून ते शेवटच्या टोकाला जाऊन उभे राहिले. काट्यानं कालचंच सांगितलं. जवळच छबुबाई कापसातला कचरा वेचत होती. आधी दरसाल ऊसतोडीला जाणारी ही बाई गुडघे गेल्यापासून मिलमध्ये बसून काम करायची. वरच्या स्प्रिंकलरमधल्या लाल काचेच्या गोळीकडं बोट दाखवून तिनं विचारलं, "मिस्त्री, आग लागली की ह्यातनं पाणी पडतंय म्हनं. खरं हाय का?"

आठ वर्षं ती त्या पाइपाखाली बसत होती. रहमतुल्ला तसेच मालकांच्या ऑफिसात गेले.

"मालक, लाईन काढायची. चूक माझी हाय. नवी टाकल्याबगर त्या टोकाला बायका बसवू नका."

काम अकरा दिवस चाललं. हुस्ना नकाशा काढायची, रहमतुल्ला पाइपाला आटे पाडायचे. कधी ते तिला विचारायचे, कधी ती त्यांना. शेडच्या मागं पाइप किंचित खाली जातो, तिथं गाळ साचेल, हे त्यांनी नुसत्या नजरेनं ओळखलं. हुस्नानं लगेच तिथं गाळ सोडायचा व्हॉल्व्ह नकाशावर घातला आणि म्हणाली, "हे मला पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं." त्या दिवशी रहमतुल्ला दोन भाकरी जास्त जेवले.

जिल्ह्यावरून अग्निशमनचे साहेब आले. त्यांनी औषधांची नवी खोली बघितली, दारावरची पाटी वाचली, मग थेट शेवटचं टोक गाठलं. व्हॉल्व्ह उघडला आणि पाणी भिंतीवर जाऊन आदळलं. हुस्नानं दाखल्यावर सही केली.

जानेवारीत, भर दुपारी, कापसातून आलेला दगड मशीनमध्ये घासला आणि ठिणगी उडाली. पेटता कापूस हवेच्या झोतानं शेडच्या टोकाला जाऊन ढिगात पडला. जाळ पत्र्याकडं चढला. छबुबाईला गुडघ्यांमुळं पटकन उठता येईना. शेजारच्या दोघींनी तिला काखेत धरून ओढायला सुरुवात केली, तेवढ्यात जाळानं तापून वरची लाल काच फुटली, शेजारची दुसरी फुटली, आणि धो धो पाणी कोसळलं. माजलगावहून बंब येईस्तोवर राहिला होता नुसता ओल्या कापसाचा चिखल. बावीस बायका अंगणात भिजून उभ्या होत्या. एकीलाही चटका बसला नव्हता.

त्या आठवड्याच्या बाजाराला छबुबाई चार जणींना घेऊन दुकानात आली. हुस्ना बाहेरगावी गेली होती. "मिस्त्री, तुमच्या लाईनीनं वाचलो," ती म्हणाली.

रहमतुल्लांनी सगळ्यांना बाकावर बसवलं, चहा सांगितला. दुकानात आणखी पाच-सहा गिऱ्हाइकं होती, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "त्या मिलमधी मी दोनदा लाईन टाकली, बाई. पहिली मी माझ्या डोक्यानं टाकली, ती चुकली. चाळीस वर्षांत माझी चूक कुणी काढली नव्हती. माझ्या पोरीनं काढली, चारचौघांत काढली."

आणि चहा येईपर्यंत ते ती चूक सविस्तर सांगत राहिले.