शेरा : ऐकू येते

थाळी वाजली आणि मागच्या ओळीतल्या एका मुलाने मान वळवली.

"गेली तुझी बालूशाही," बेबीनंदा म्हणाली. "ऊठ, भिंतीकडे जाऊन उभा राहा."

"बाई, तुमी एकदम वाजवली," तो रडकुंडीला आला. "सांगून वाजवा ना!"

बाकीची पोरे फिदीफिदी हसली. खरे तर हसायलाही मनाई होती. मुक्या-बहिऱ्या मुलांना हसू फुटते की नाही, याविषयी अधीक्षक रामरावांचे मत निश्चित नव्हते. म्हणून खबरदारी घेऊन त्यांनी हसण्यावरच बंदी घातली होती.

जाफराबाद तालुक्यातल्या या निवासी मूकबधिर विद्यालयाच्या नावात करुणा होती, अनुदानाच्या हजेरीपटावर चाळीस मुले होती आणि खोल्यांत अकरा. उरलेली एकोणतीस तीन दिवसांपासून केदारखेड्याहून जीपमध्ये कोंबून आणली जात होती. त्यांचे कान उत्तम होते. तपासणीच्या दिवसापर्यंत ते निकामी करण्याचे, म्हणजे थाळी वाजली तरी न वळणाऱ्याला बालूशाही देण्याचे काम बेबीनंदाकडे होते.

ती औरंगाबादहून समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाचे क्षेत्रकार्य करायला दोन महिन्यांसाठी आली होती. ते १९९४ साल होते. दया आणि हक्क यांतला भेद सांगणारी जाडजूड पुस्तके तिने टिपणे काढून वाचली होती. ऐकणाऱ्या मुलांना बहिरे कसे करावे, याचे प्रकरण त्यांत नव्हते. या कामाला पहिल्या दिवशी तिने नकार दिला, तेव्हा रामरावांनी पानाची पिंक खिडकीबाहेर टाकून शांतपणे विचारले होते, "तुमच्या सर्टिफिकेटावर सही कोनाची लागती, म्याडम? बरं, ते सोडा. शाळा बंद पडली तर ही खरी अकरा कुठं जातील? तुमच्या होस्टेलात?"

किळस येण्यासारखी गोष्ट ही, की दुसरा प्रश्न बिनतोड होता. तिने थाळी हातात घेतली.

त्या अकरांत दुर्गा होती. वय नऊ. शाळेत येण्यापूर्वीची तिची वर्षे बाजेला बांधून गेली होती. आई नंदाबाई कापूस वेचायला जाताना पोरीच्या मनगटाला दोरी बांधून तिचे दुसरे टोक बाजेच्या पायाला अडकवून जाई. "गाडी मागून आली तर कळत न्हाई ना तिला, बाई," तिने पहिल्या भेटीत सांगितले होते. "एकदा बैलगाडीखाली जाता जाता राह्यली. मंग काय करू? घरी बसून राह्यले तर खाऊ काय?" दोरीचा वळ दुर्गाच्या मनगटावर अजून फिकट दिसत असे. इथे ती मोकळी होती.

बेबीनंदाने तिला शिकवलेला पहिला धडा एकच होता: माझ्या तोंडाकडे बघ. ओठ बघ, गाल बघ, डोळे बघ. दुर्गाने तो धडा इतका मनावर घेतला, की बेबीनंदा बोलत नसतानाही ती तिच्या चेहऱ्यावर नजर रोवून बसे. कधी तिच्या गळ्यावर तळवा ठेवून आतला कंप चाचपून बघे. दोन महिन्यांत ती पाटीवर स्वतःचे नाव लिहू लागली होती. 'गा'वरचा रफार मात्र ती न चुकता विसरत असे.

तपासणीला आलेले साहेब सभ्य होते. त्यांनी चहा नाकारला, हार नाकारला, मुलांना जमिनीवर ओळीने बसवायला सांगितले आणि स्वतः स्वयंपाकघरातून थाळी मागवून घेतली. रामरावांच्या कपाळावर घामाचा थेंबही नव्हता. बेबीनंदा मुलांच्या समोर, फळ्याला टेकून उभी होती. पहिल्या ओळीत, अगदी तिच्या पायांशी, दुर्गा.

साहेबांनी थाळी वाजवली नाही. मुलांच्या मागे जाऊन त्यांनी ती डोक्याच्या उंचीवरून शहाबादी फरशीवर सोडून दिली.

एकोणतीस मुलांच्या पापण्याही लवल्या नाहीत. तीन दिवसांच्या बालूशाहीचे चीज झाले. दचकली ती एकटी बेबीनंदा. थाळी पडणार हे तिला समोरून दिसत होते, तरी तिचे खांदे उडाले, डोळे मिटले. आणि आपल्या बाई कशाला घाबरल्या हे बघायला दुर्गाने मागे वळून पाहिले.

"ही ऐकते," साहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन काढले.

"साहेब, न्हाई!" बेबीनंदाच्या तोंडून घरची बोली निसटली. तिने स्वतःला सावरले. "ती ऐकत नाही. मी दचकले, ते तिनं पाहिलं. ती माझ्या तोंडाकडं बघत असते."

"असं?" साहेबांनी चष्मा वर सरकवला. "मग डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी लावू. पण एकटीची कशी लावता येईल? सगळ्या चाळीसांचीच लावावी लागेल. लिहू तसं?"

रामरावांनी बेबीनंदाकडे फक्त पाहिले. खोलीत चाळीस मुले होती आणि त्यांतली एकोणतीस तिच्या उत्तराकडे कान लावून बसली होती.

बेबीनंदा गप्प राहिली.

पेन कागदावरून सरकल्याचा आवाज तिने स्पष्ट ऐकला. क्रमांक सात, दुर्गा, शेरा: ऐकू येते, नाव कमी करावे.

साहेब गेल्यावर रामरावांनी स्वतःच्या हाताने तिला बालूशाही देऊ केली. "तोंड पाडून नका बसू. बिलकुल बराबर झालं. तपासणीत काहीच सापडलं न्हाई, तर वरच्यांना शंका येती. एक नाव कटलं म्हंजे बाकीची पक्की झाली."

"पण ती खरी होती, सर."

"म्हून तर," रामराव बोटांवरचा पाक चाटत म्हणाले, "तिच्या घरचं कोनी तक्रार करनार न्हाई. केदारखेड्याचं पोरगं कटलं असतं, तर त्याचा बाप ठरलेले पैसे मागत येऊन बसला असता हितं."

तिसऱ्या दिवशी निरोप मिळून नंदाबाई आली. शेताच्या बांधावरून तशीच निघालेली. पदराला कापसाचे पुंजके चिकटलेले. कागद तिने उलटा धरला होता. दुर्गा ओसरीच्या पायरीवर पाठमोरी बसून पाटीवर नाव लिहीत होती.

"काय लिव्हलंय म्हंता यात?"

"लिहिलंय," बेबीनंदा म्हणाली, "की तिला ऐकू येतं."

नंदाबाईच्या चेहऱ्यावर जे पसरले, त्याची बेबीनंदाने तयारी केलेली नव्हती. "ऐकाया येतं? साहेबानं लिव्हलं? सरकारी साहेबानं?" ती चपळाईने पोरीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि खालच्या आवाजात, जपून, हाक मारली, "दुर्गे."

पेन्सिल पाटीवर करकरत राहिली.

"दुर्गे! ए दुर्गे! म्या आले ना!"

दुर्गाने 'गा'चा काना ओढला.

"कवापासून येईल, बाई?" नंदाबाईने न वळता विचारले. "जल्दी का थोड्या दिसानं?"

"येत नाही तिला ऐकू. येणार नाही. ते खोटं आहे. मला बोलता आलं असतं, मी बोलले नाही."

नंदाबाईने कागदाकडे पाहिले, मग तिच्याकडे. रागवायचे कसे, हे बहुधा तिला कुणी शिकवले नव्हते. "मंग ठिवून घ्या की तिला," ती साधेपणाने म्हणाली.

आत टेबलावर रामरावांनी सही केलेले तिचे प्रमाणपत्र होते. 'बालकांविषयी विशेष आस्था' असे त्यात लिहिले होते.

नंदाबाईने पोरीच्या खांद्याला हात लावला. दुर्गा वळली, आईला पाहून तोंडभर हसली आणि पाटी उंच धरली. रफार आज जागेवर होता. आईने पाटीवरून हात फिरवला, ती बेबीनंदाच्या हातात दिली, आणि पदराचे टोक घेऊन पोरीच्या मनगटाला गाठ मारली, जुन्या वळावर, सवयीच्या हाताने.

दोघी फाटकातून रस्त्याला लागल्या. थोड्या वेळाने समोरून जीप आली, तीच, केदारखेड्याची. तिने लांबलचक हॉर्न दिला. रस्त्यातल्या शेळ्या पांगल्या, टपरीवरच्या माणसांनी वळून पाहिले. दुर्गा रस्त्याच्या मधोमध, मान मागे वळवून, फाटकात उभ्या असलेल्या बाईंच्या तोंडाकडे बघत चालली होती.

पदर ताणला गेला आणि ती कडेला ओढली गेली.