उसवायचा राहिलेला टाका

मित्रांनो, मी एक जुनी प्लॅस्टिकची नळी आहे. बोटभर लांब, काडीएवढी जाड. माझ्याविषयी जिव्हाळा बाळगू नका. मलाही कोणाविषयी तो नाही.

दोघा शिंपी भावांतल्या धाकट्याच्या पित्तनलिकेत खडे अडकले होते. डॉक्टरीणबाईंनी तोंडावाटे दुर्बीण घालून काही खडे काढले; मोठे राहिले. पित्ताला वाट मिळावी म्हणून त्यांनी मला तिथे बसवले आणि बजावले, "ही तीन महिन्यांत काढायची. तेव्हाच उरलेले खडे काढू."

"म्हणजे कच्चा टाका, काम झालं की उसवायचा," तो हसून म्हणाला.

इतके नेमके मला कोणीच ओळखले नव्हते.

माझ्यातून पित्त वाहू लागले. त्याची भूक परतली. पण दुकानात थोरला भाऊ होता, आणि दोन मशिनींच्या खडखडाटावर चढणारा त्याचा आवाज. "पोटावर एक टाका दाखव, मग म्हण ऑपरेशन झालं! आराम हवाय साहेबांना."

गिऱ्हाइके हसत. धाकटा मान खाली घालून काजे करत राही. पुन्हा सुट्टी मागायची, तर पुन्हा हेच ऐकायचे. बायकोने आठवण करून दिली की म्हणे, "दुखत नाहीये ना? मग राहू दे."

मी राहिले. अंधारात माझ्यात गाळ साचत गेला. दीड वर्षाने माझे तोंड बुजले. वाट देणारी मीच वाट अडवून बसले. मला खंत वाटली नाही.

एके सकाळी तो मशिनीवरच थंडीने कुडकुडू लागला.

"झालं नाटक सुरू!" म्हणत थोरल्याने त्याची हनुवटी वर केली. मागे पांढऱ्या कापडाचा तागा उभा होता. त्यापुढे ते डोळे पिवळेजर्द दिसले. रंग जुळवण्यात जन्म गेलेल्या त्या माणसाने त्याला तसेच उचलून दवाखान्यात नेले.

मला आणि खड्यांना दुर्बिणीनेच बाहेर काढले. "आणखी उशीर झाला असता, तर हा वाचला नसता," डॉक्टरीणबाई थोरल्याला म्हणाल्या. "खडे पुन्हा होऊ शकतात. तपासणी चुकवायची नाही."

थोरला खाटेजवळ गेला. "सांगायचंस ना, गाढवा!"

"दादा, टाका होता रे. कच्चा होता. उसवायचा राहिला."

थोरल्याने नुसते पांघरूण सारखे केले.

मित्रांनो, इतर वस्तू 'आम्हाला जपा' म्हणतात. मी म्हणते, मला वेळेवर फेका. आणि ज्याची जखम दिसत नाही, त्याला हसू नका. हसलात, तर मी आत आहेच.