माझ्या पोटाखालची बारीक हाडं

मित्रांनो, मी एक जुनी, झाडपाला खाणारी डायनासोर आहे. मला जाऊन कोट्यवधी वर्षं झाली, जीभही कधीच मातीत गेली, पण बोलायची खोड काही गेली नाही.

माझी मान लांबलचक, डोकं मात्र एवढंसं. दात पाला ओरबाडण्यापुरते. चावायची सोयच नव्हती. म्हणून मी गोटे गिळायची, ते पोटात पाला भरडायचे. तुम्ही म्हणाल, बिचारी गरीब गाय! अहो, कसली गरीब? माझ्या शेपटीचा फटका बसला की समोरच्याचा जबडा खिळखिळा व्हायचा. शेवटच्या दिवशीही दोघांना तर मी तिथल्या तिथे लोळवलं होतं.

तिसरा मांसखाऊ मात्र मागून आला. माझं पिल्लू नुकतंच चालू लागलं होतं. त्याला पळता आलं नाही आणि त्याची मान त्या मेल्याच्या जबड्यात गेली. मी चवताळले. नख खुपसून त्याचा डोळा फोडला. त्याने माझी मांडी फाडली, बरगडीत दात रुतवला, तो तिथेच मोडला. रक्ताचा नुसता चिखल झाला. तो धडपडत पळाला आणि मी पिल्लावर कोसळले. ते आधीच गार पडलं होतं. मग पूर आला, गाळाने आम्हा दोघांना झाकून टाकलं.

आता मी संग्रहालयात असते. माझी हाडं साफ करणारी ताई बारीक टोच्याने महिनोन्‌महिने दगड खरवडत होती. एक दिवस मोठे साहेब पाटी घेऊन आले. पाटीवर लिहिलं होतं, ‘पिल्लाला तुडवणारी आई’.

“हे पिल्लू दुसऱ्या दालनात हलवा,” साहेब म्हणाले.

इतकी वर्षं पोटाशी धरलेलं लेकरू हे उचलून नेणार!

“साहेब, उगाच आळ घेऊ नका,” ताई म्हणाली.

“अहो, पाय मोडलाय की त्याचा!”

“आणि मानेवरची ही भोकं? पाला खाणाऱ्या दातांची?” तिने माझ्या बरगडीतला तो टोकदार दात काढला आणि भोकात ठेवला. अगदी चपखल बसला.

साहेबांचा चेहरा उतरला. “बरं बाई, जिंकलात. राहू द्या मायलेकरांना एकत्र.”

नवी पाटी लागली, ‘पिल्लासाठी लढलेली आई’. पण मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मान त्या मांसखाऊने मोडली. पाय माझ्याच पायाखाली आला होता. पहिल्या दोघांवर शेपटी फिरवताना मी मागे सरले आणि काहीतरी कडकन मोडलं. म्हणून तर त्याला पळता आलं नाही.

साहेब गेल्यावर ताईने तो पाय भिंगाखाली धरला. मग मोडलेली जागा माझ्या पावलाशी ताडून पाहिली.

“तुझाच पाय पडला गं ह्याच्यावर,” ती हळूच म्हणाली. “होतं असं धांदलीत. मी नाही का माझ्या लेकीच्या बोटांवर दार लावलं?” तिने ते हाड अलगद जागेवर ठेवलं.

तेव्हा मित्रांनो, आमच्याकडे आलात तर पाटी वाचून लगेच पुढे जाऊ नका. मला लोखंडी दांड्यांवर ताठ उभं केलंय, खाली बघता येत नाही. तुम्ही जरा वाका आणि माझं लेकरू नीट आहे ना, तेवढं बघा.